साडेपाचला गोठलेली ट्यूब

रेहानानं ट्यूब आडवी केली. आतलं पाणी सरळ बुचापर्यंत गेलं.

"निगेटिव्ह," ती म्हणाली आणि तिनं रजिस्टर पुढं ओढलं.

"थांब. लिहू नको."

"का मॅडम? बिलकुल पानी है."

"थांब म्हटलं ना!"

मी जरा जोरातच ओरडले असणार, कारण काउंटरवर सॅम्पल द्यायला आलेल्या एक बाई आत डोकावून बघायला लागल्या. मी रेहानाच्या हातातून ट्यूब घेतली. नंबर बघितला. चष्मा पुसून परत बघितला. आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला हीच ट्यूब मी स्वतः आडवी केली होती आणि आतला प्लाझ्मा खरवसासारखा घट्ट बसलेला होता. जागचा हलला नव्हता. आता सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि त्या खरवसाचं पाणी झालं होतं.

रेहाना म्हणाली, "मॅडम, बसा ना." मी बसले.

बाहेरच्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय ते कळणार नाही, म्हणून आधी ही ट्यूब काय भानगड आहे ते सांगते.

मी जालन्यातल्या एका खासगी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. सत्तावीस वर्षं झाली. राहायला मस्तगडला, मूळची धावड्याची. गावात मी काय करते ते अजून कोणाला नीट माहीत नाही. माझे काका सांगतात, "आमची पोरगी जालन्यात जंतू पाळती." तसं ते खोटं नाही. रुग्णाचं रक्त, पू, लघवी आमच्याकडं येते. आम्ही त्यातले जंतू खाऊ-पिऊ घालून वाढवतो, ते कोण आहेत ते ओळखतो आणि कोणत्या औषधानं मरतील ते डॉक्टरला कळवतो.

त्यातला एक जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस. मायक्रोस्कोपखाली द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. याचे ढोबळ दोन प्रकार. एक गरीब. तो तुमच्या-माझ्या कातडीवर बसलेलाच असतो. रक्त काढताना सुईबरोबर बाटलीत जातो आणि आम्हाला उगीच कामाला लावतो. दुसरा ऑरियस. हा डांबरट. गळू करतो, हाडात शिरतो, आणि रक्तात गेला तर हृदयाच्या झडपेवर घर करतो. गंमत अशी की मायक्रोस्कोपखाली दोघं अगदी सारखे दिसतात.

ते वेगळे करायला कोअ‍ॅग्युलेज टेस्ट असते. रक्तातल्या पेशी खाली बसल्या की वर जो पिवळट पातळ भाग राहतो तो प्लाझ्मा. त्यात ऑरियस घातला की प्लाझ्मा गोठतो. गरीब जंतू घातला तर पातळच राहतो. ही टेस्ट दोन तऱ्हेनं करतात. एक काचपट्टीवर, दहा सेकंदांत, दाणे पडले की पॉझिटिव्ह. ती झटपट आहे पण लबाड आहे, काही ऑरियस तिथं दाणे पाडतच नाहीत. दुसरी ट्यूबमध्ये. प्लाझ्मा आणि जंतू एकत्र करून ट्यूब इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंगाएवढं गरम ठेवणाऱ्या कपाटात ठेवायची. चार तासांपर्यंत मधूनमधून बघायची. गोठली नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून परत बघायची. ही ट्यूब भरवशाची.

आता आम्ही काय करत होतो ते ऐका. सकाळी आमच्याकडं सॅम्पलची झुंबड असते. उपाशीपोटी शुगर, गरोदर बायका, भोकरदनच्या पहिल्या गाडीनं आलेले लोक. त्यातून डोकं वर काढायला बारा वाजतात. मग प्लेटा, म्हणजे जंतू वाढवायच्या बशा, बघायच्या, मग जेवण, आणि मग दीड-दोनला ट्यूब लावायची. पाचला सुट्टी. चार तास व्हायचे ते साडेपाच-सहाला, तेव्हा लॅबमध्ये आमच्या खोलीत कोणी नसायचं. त्यामुळं आमच्याकडं एकच रीडिंग असायचं, सकाळचं. ही पद्धत मी पाडली. कोणी सांगितली नव्हती. रेहाना, माझी टेक्निशियन, नवीन लागली तेव्हा तिनं विचारलं होतं, "मॅडम, चार घंट्याचं रीडिंग?" मी म्हटलं, "अगं, जो चार तासांत गोठतो तो सकाळपर्यंत गोठलेलाच असणार. आणि जो हळू गोठतो तोही सापडतो. रात्रभर ठेवलेलं जास्त पक्कं." डाळ जास्त शिजली म्हणून परत कच्ची होत नाही, असा माझा सरळ विचार. वर मी तिला असंही ऐकवलं होतं की चार बुकं वाचली म्हणून शहाणपणा शिकवू नको. माझी जीभ अशीच आहे.

आता पेशंटकडं येते.

दीपाली. वय चौतीस, भोकरदनकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मांडीला केसतोड झालं होतं, ते घरीच सुईनं फोडलं. आठवड्याभरात ताप. हुडहुडी भरून येणारा, जाऊन परत येणारा. ती जालन्यात डॉ. तौर यांच्या दवाखान्यात दाखल झाली. डॉक्टर हुशार आणि सावध. औषध सुरू करायच्या आधी त्यांनी ब्लड कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायला रक्त, पाठवलं. खरं तर दोन हातांतून दोन बाटल्या पाठवायच्या असतात. दोन्हींत एकच जंतू निघाला तर तो खरा, एकीतच निघाला तर बहुतेक कातडीवरचा. पण दुसऱ्या बाटलीचा खर्च नको म्हणून आमच्या भागात सर्रास एकच पाठवतात. त्यांनीही एकच पाठवली.

त्या बाटलीत स्टॅफिलोकोकस वाढला. काचपट्टीवर दाणे नाहीत. ट्यूब दुपारी लावली. सकाळी पाणी. रेहानानं लिहिलं निगेटिव्ह, मी सही केली: 'कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह, बहुधा त्वचेवरचा जंतू.' असा शेरा मारला की औषधांची तपासणीही लावत नाहीत. जो खरा नाही त्याला मारायचं कशाला?

डॉ. तौर यांचा फोन आला. "मॅडम, मी इंजेक्शन चालू करायच्या बेतात होतो. काय करू? सोडून देऊ?"

"स्किनचाच आहे सर. सोडून द्या."

एवढं बोलून मी चहा घेतला. मला तो चहा आठवतो, आल्याचा होता.

त्यांनी इंजेक्शन रद्द केलं. विडाल टेस्ट थोडी पॉझिटिव्ह होती, म्हणून टायफॉइडचं औषध देऊन तिला घरी सोडलं. ताप जरा उतरल्यासारखा झाला. नऊ दिवसांनी ती परत दाखल झाली, तेव्हा तिला दम लागत होता.

या वेळी डॉक्टरांनी दोन बाटल्या पाठवल्या. त्या घेऊन तिचा नवरा स्वतः आला, कैलास. भोकरदनला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारीत नवी तार भरायचं, दुकान. बाटल्या रुमालात गुंडाळून शर्टाच्या आत छातीशी धरल्या होत्या. कोणीतरी सांगितलं होतं की गार पडू द्यायच्या नाहीत.

"ताई, तुम्ही धावड्याच्या म्हनं. आमच्याच तिकडल्या," तो म्हणाला. "ह्या बारीला सापडंल ना? पोरगं रोज इचारतंय, आई कवा येती."

"सापडेल," मी म्हटलं. "असला तर सापडतोच."

दुसऱ्याच दिवशी दोन्ही बाटल्यांत घडच्या घड. मी लगेच फोन केला, डॉक्टरांनी त्याच दुपारी इंजेक्शन सुरू केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी प्लेटवर जंतू चांगला वाढला आणि दीडला मी ट्यूब लावली. नेहमीप्रमाणे पाचला निघाले असते. पण दोन दिवसांवर इन्स्पेक्शन आलं होतं. बाहेरचे लोक येऊन लॅब तपासणार, रजिस्टरं बघणार. इन्क्युबेटरच्या तापमानाचं रजिस्टर अर्धवट होतं, ते पुरं करायला मी थांबले. साडेपाचला आकडा बघायला दार उघडलं आणि समोर ट्यूब दिसली. सहज उचलली, आडवी केली. खरवस.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? मी तिथूनच डॉ. तौर यांना फोन लावला. "सर, ऑरियस आहे. पक्का."

त्यांनी विचारलं, "मग मागच्या वेळचा?"

"मागच्या वेळी निगेटिव्ह होता सर. हा नवीन शिरला असेल."

"असेल," ते म्हणाले. आणि मी ट्यूब परत इन्क्युबेटरमध्ये ठेवली, उद्या रेहानाला दाखवू म्हणून.

म्हणून सकाळी ते पाणी बघून माझी ती गत झाली. ट्यूब गोठून परत पातळ होऊ शकते हे मी शिकताना वाचलेलं होतं. काही ऑरियस प्लाझ्मा आधी गोठवतात आणि मग स्वतःच ती गाठ विरघळवतात. माणसाच्या प्लाझ्मात हे जास्त होतं. आम्ही रक्तपेढीतून आलेला माणसाचाच प्लाझ्मा वापरत होतो, कारण सशाचा महाग पडतो आणि मागवला तरी वेळेवर येत नाही. परीक्षेला हे दोन ओळींत लिहून मार्क मिळवले होते मी. प्रत्यक्षात कधी बघितलं नव्हतं. बघणार कशी? ते ज्या वेळी दिसतं त्या वेळी मी रोज मस्तगडच्या भाजीवाल्याशी घासाघीस करत असायचे.

"मॅडम," रेहाना हळूच म्हणाली, "मंग पहली वाली बॉटल?"

मी उठून फ्रिज उघडला. जुन्या प्लेटा आठवड्याने ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, वाफेनं मारून टाकून देतात. पण आमच्या ऑटोक्लेव्हचं रबर गेलं होतं आणि नवीन आलं नव्हतं, म्हणून खालच्या कप्प्यात प्लेटांची थप्पी तशीच पडली होती. दीपालीची पहिली प्लेट त्यात होती.

रेहाना माझ्याकडं बघत होती. "रबर आज येनेवाला है," ती म्हणाली. "दुपारपर्यंत सगळं टाकून होऊन जाईल मॅडम. कोन पूछता है."

ती वाईट नाही. तिच्या घरी तिच्या एकटीच्या पगारावर पाच माणसं जेवतात. मलाही तो विचार तिच्या आधीच येऊन गेला होता, तेव्हा मी तिला काय बोलणार? मी प्लेट उचलली, त्यातला जंतू नव्या प्लेटवर टाकला आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी नऊला इन्क्युबेटरचं दार पहिल्यांदा इतक्या लवकर ट्यूबसाठी उघडलं. तीन ट्यूब लावल्या. एक दीपालीचा पहिला जंतू, एक दुसरा, आणि एक आमचा कंट्रोल. कंट्रोल म्हणजे खात्रीचा ओळखीचा ऑरियस. तो आम्ही विकत आणून जपून ठेवतो आणि टेस्ट नीट चालते का हे बघायला दर वेळी बरोबर लावतो. शिवाय तिघांचीही काचपट्टी केली, आणि डीएनेजची प्लेटही लावली. त्या प्लेटवर ऑरियस वाढवून दुसऱ्या दिवशी वर अ‍ॅसिड ओतलं की त्याच्याभोवती स्वच्छ रिंगण पडतं. एका टेस्टवर आता माझा विश्वास राहिला नव्हता.

काचपट्टीवर कंट्रोलनं लगेच दाणे पाडले. दीपालीच्या दोन्ही जंतूंनी नाही.

दहा वाजता तिन्ही ट्यूब पातळ. साडेदहाला इन्स्पेक्शनचे दोघं आले. अकराला मी त्यांना रजिस्टरं दाखवता दाखवता इन्क्युबेटरशी जाऊन आले, ट्यूबमध्ये नुसते धागे दिसत होते. त्यांतले एक साहेब कंट्रोलचं रजिस्टर चाळत होते. वर्षानुवर्षांच्या पानांवर रोज एकच शब्द, 'पास'.

"छान ठेवलंय मॅडम. एक दिवस चुकलेला नाही."

"नाही सर," मी म्हटलं.

मी त्या 'पास'कडंच बघत राहिले. कारण घोळ त्या रजिस्टरमध्येच होता. आमचा कंट्रोल असा ऑरियस होता की त्याची गाठ दुसऱ्या दिवशीही टिकायची. रोज सकाळी तो घट्ट दिसायचा, आम्ही 'पास' लिहायचो आणि टेस्ट बरोबर आहे असं समजायचो. बरोबर होतीच, त्याच्यापुरती.

बारा वाजता दीपालीच्या दोन्ही ट्यूब गोठल्या. एकला तर उलट्या धरल्या तरी हलेनात. पहिलीही आणि दुसरीही. मी रेहानाला बोलावून दाखवल्या. ती म्हणाली, "या अल्ला," आणि तोंडावर ओढणी धरली.

शनिवारी सकाळी दोन्हींचं पाणी झालं होतं. कंट्रोल घट्ट. डीएनेजच्या प्लेटवर अ‍ॅसिड ओतलं तर तिघांभोवतीही स्वच्छ रिंगण. आता शंकेला जागाच नव्हती. पहिल्या बाटलीतही ऑरियसच होता. नऊ दिवस तो तिच्या रक्तात फिरत होता, आणि त्याला सोडून द्या असं मी फोनवर सांगितलं होतं.

तोवर तिकडं काय झालं होतं ते सांगते. गुरुवारी तिच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. झडपेवर जंतूंचा गोळा बसलेला होता आणि झडप गळायला लागली होती. शुक्रवारी तिला संभाजीनगरला हलवलं.

मी डॉ. तौर यांना फोन करून सगळं सांगितलं.

"मीही एकच बाटली पाठवली होती, मॅडम," ते म्हणाले. "आणि तुमचा कागद आल्यावर पेशंटकडं बघायचं सोडून कागदाकडं बघितलं."

"तुमची चूक नाही सर."

"आता वाटणी करून काय करायचं? तिथल्या डॉक्टरांना कळवतो."

मग मी आमच्या सरांकडं गेले. लॅब त्यांची, ते पॅथॉलॉजिस्ट. माणूस चांगला आहे, कोणाचा पगार कधी अडवला नाही. मी सुधारलेला रिपोर्ट टाइप करून नेला होता. चूक सापडली की असा रिपोर्ट द्यायचा असतो, पहिला चुकला होता असं स्पष्ट लिहून.

सरांनी तो दोनदा वाचला. "कालच इन्स्पेक्शन झालं मॅडम."

"माहीत आहे सर."

"बरोबर औषध चालू आहे ना तिला?"

"आहे."

"मग या कागदानं तिच्या औषधात काय फरक पडणार? मी नाही म्हणत नाही. आत्ता नको. ती बरी होऊन घरी येऊ द्या, मग बोलवून नीट समजावून सांगू."

मी भांडायला हवं होतं. रेहानाशी, कॅन्टीनवाल्याशी, रिक्षावाल्याशी मी दिवसातून चार वेळा भांडते. तिथं नाही भांडले. ती बरी होऊन घरी येईल आणि मग बोलू, हे मला ऐकायचंच होतं. मी रिपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

सोमवारी झडपेवरच्या गोळ्याचा तुकडा सुटून तिच्या मेंदूत गेला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. गुरुवारी ती वारली. डॉ. तौर यांनीच कळवलं. त्या दिवशी मी सगळी कामं केली. चोवीस लघव्या लावल्या, प्लेटा बघितल्या, रजिस्टर भरलं. घरी जाऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. नवऱ्यानं दार वाजवून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, डोकं दुखतंय. दुसरं काय सांगणार होते?

कैलास आला तो दोन-अडीच आठवड्यांनी. डोक्यावरचे केस नुकते उगवत होते. काउंटरवर न थांबता तो सरळ माझ्या खोलीच्या दाराशी आला.

"ताई, तिचे समदे रिपोर्ट एकत्र पायजेत. पंचायत समितीत फाइल द्यायचीय." मग म्हणाला, "तुमचे लई उपकार. तुम्ही हुडकून काढला म्हून निदान कळलं तरी काय होतं ते. न्हाई तर टायफॉइड टायफॉइडच करत बसलो असतो."

त्याच्या पाठीमागून रेहाना माझ्याकडं बघून हलकेच मान हलवत होती. नको. मी ड्रॉवर उघडून सुधारलेला रिपोर्ट काढला. सरांची सही नव्हती त्यावर, म्हणून मी माझी केली. तारीख टाकली आणि कागद त्याच्यापुढं ठेवला.

"याच्यात काय लिव्हलंय? मला इंग्रजी एवढं येत न्हाई."

मी सांगितलं. आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच, ट्यूब, प्लाझ्मा, चार तास, सकाळ, सगळं. फोनवर काय बोलले होते तेही सांगितलं.

"म्हंजी पहिल्या बाटलीतच व्हता तो," तो शेवटी म्हणाला.

"होता."

"आन चार तासांनी बघितलं असतं तर दिसला असता."

"हो."

"मंग चार तासांनी कोन बघत व्हतं?"

"कोणी नाही. आम्ही घरी गेलेलो असायचो."

त्यानं कागद खाली ठेवला. हाताची बोटं काळी होती त्याची, वार्निशनं. "आमी मोटार भरली की लावून बघतो," तो म्हणाला. "दोन-दोन तास बसून राहतो जवळ. तापती का, आवाज देती का. लावून देऊन घरी न्हाई जात कोनी. एका मोटारीसाठी बसतो, ताई."

मला वाटलं आता हा ओरडेल. टेबलावरचं काहीतरी फेकेल. फेकलं असतं तर बरं झालं असतं.

"आता कसं करून राह्यले?" त्यानं विचारलं.

"सकाळी नऊला लावतो. एक वाजेपर्यंत दर तासाला बघतो."

"नवीन मशीन घ्यावं लागलं?"

"नाही."

"मानूस वाढवला?"

"नाही."

"मंग?"

"फक्त वेळ बदलली."

मला नजर वर करवेना. मग त्यानं फाइल उचलली, माझा कागद त्यात सगळ्यात वर ठेवला. जाता जाता त्यानं विचारलं, "हिच्या आधी बी असे कोन कोन असतील ना?"

"असतील."

"नावं असतील की तुमच्याकडं."

"नावं आहेत," मी म्हटलं. "जंतू नाहीत. ते टाकून दिले."

तो गेला. त्यानं तक्रार केली नाही, वकिलाची नोटीस आली नाही. सर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, नवव्या दिवशी बोलायला लागले. डॉ. तौर आता कोणाचंही ऐकत नाहीत, दोन बाटल्यांशिवाय कल्चर पाठवत नाहीत.

लॅबमध्ये काम करणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. ट्यूब सकाळी लावा. चार तास तिच्याकडं येता-जाता बघत राहा. एकदा गोठली की ती पॉझिटिव्ह, नंतर तिचं पाणी होवो नाहीतर आणखी काही. चार तासांत गोठली नाही तरच दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. आणि कंट्रोल पास झाला एवढ्यानं निवांत होऊ नका.

मागच्या वर्षांची रजिस्टरं कपाटात आहेत. 'कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह, बहुधा त्वचेवरचा जंतू', खाली माझी सही. एका रविवारी मी ती काढून बसले होते. प्रत्येक ओळीपुढं नाव आहे, वय आहे, गाव आहे. यांतल्या बहुतेकांचा रिपोर्ट बरोबरच असणार. कोणाचा नव्हता, ते आता कळणार नाही. दुपारी मी रजिस्टरं परत लावून ठेवली आणि सोमवारी नऊला कामावर गेले.